साडेतीनचा काटा

दुसरीच्या वर्गात घड्याळाची वर्कशीट वाटली होती. पानावर सहा गोल घड्याळं, प्रत्येकाखाली रिकामी चौकट आणि वर सूचना : 'किती वाजले ते लिहा.' तिसऱ्या घड्याळात मिनिटकाटा सहावर होता आणि तासकाटा तीनच्या आकड्यावर, नेम धरल्यासारखा. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी 'साडेतीन' लिहिलं. एका मुलीने 'तीन' लिहिलं आणि तिला फुली मिळाली. मी त्या शाळेत दर शनिवारी जातो, मागच्या बाकावर बसतो, सांगतील ते काम करतो. पानं गोळा करताना ती फुली दिसली आणि घरी पोचेपर्यंत डोक्यातून गेली नाही. साडेतीन लिहिणारे बरोबर नव्हते, तीन लिहिणारीही नव्हती. पण त्यातल्या त्यात चित्राकडे नीट पाहिलं होतं ते तिने.

साडेतीन वाजता तासकाटा तीनवर नसतो. तो तीन आणि चारच्या बरोब्बर मध्ये असतो. बारापासून मोजला तर १०५ अंशांवर. तीनवर, म्हणजे ९० अंशांवर, तो येतो फक्त तीनच्या ठोक्याला, आणि तेव्हा मिनिटकाटा बारावरच असावा लागतो. म्हणजे वर्कशीटवरचं ते घड्याळ दिवसाच्या चोवीस तासांत एकदाही न येणारी वेळ दाखवत होतं. ज्यांनी 'साडेतीन' लिहिलं त्यांनी घड्याळ वाचलंच नव्हतं. छोटा काटा ज्या आकड्यावर तो तास, मोठा काटा सहावर म्हणजे साडे, ही वर्कशीट सोडवायची युक्ती त्यांना जमली होती. भिंतीवरच्या खऱ्या घड्याळापुढे ती चालत नाही, कारण तिथे साडेतीनला छोटा काटा कुठल्याच आकड्यावर नसतो.

ज्याने कोणी ती वर्कशीट केली त्याला बोल लावायचा नाही. बहुधा एखाद्या शिक्षकाने रात्री जेवणं झाल्यावर केली असेल. इंटरनेटवरून तबकडी उतरवली, पानावर चिकटवली, दोन बाण काढले, माऊसने फिरवले. त्या सॉफ्टवेअरच्या लेखी बाण म्हणजे नुसती रेघ. मोठा काटा एक अख्खी फेरी मारतो तेव्हा छोटा एक घर सरकतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं आणि सांगायची सोयही नसते.

लहान मुलांच्या गणितातलं चित्र हे एक विधान असतं. 'हे साडेतीन आहेत', 'हे तीन भाग सारखे आहेत', 'ही पेन्सिल दहा सेंटिमीटर आहे.' विधान खरं असतं किंवा खोटं असतं, आणि सात वर्षांच्या मुलाला खोट्या विधानातून खरं शिकवता येत नाही. हे एवढं उघड असूनही आपण पाठ्यपुस्तकातल्या शब्दांवर जितकी घासाघीस करतो तिच्या शतांशही चित्रांवर करत नाही.

अपूर्णांकांचं बघा. गोल भाकरी, तिच्यावर सारख्या अंतराने दोन उभ्या रेघा, आणि खाली 'एक तृतीयांश भाग रंगवा'. हे चित्र मी निदान चार वेगवेगळ्या वर्कशीटांत पाहिलं आहे. अशा रेघा मारल्या तर मधल्या पट्ट्यात वर्तुळाचा जवळजवळ ४२ टक्के भाग येतो आणि कडेच्या तुकड्यांत २९-२९ टक्के. घरातल्या तीन भावंडांना अशी भाकरी वाटून बघा; कोणत्या तुकड्यावरून भांडण लागेल हे सांगायला गणित यावं लागत नाही. मुलांना ते कळतं. वर्कशीटला कळत नाही.

मोजमापाची गंमत आणखी वेगळी. 'पट्टीने पेन्सिलीची लांबी मोजा.' चित्रातली पेन्सिल करणाऱ्याने चोख दहा सेंटिमीटरची काढलेली असते. पण शाळेतल्या प्रिंटरला कोणीतरी कधीतरी 'लेटर' मापाचा कागद सांगून ठेवलेला असतो आणि 'पानात बसवा' या चौकटीत खूण असते. ए-४ पान लेटरमध्ये बसवताना ते ९४ टक्क्यांवर येतं. पेन्सिल ९.४ सेंटिमीटरची होते. मुलं पट्टी लावतात, कोणी नऊ म्हणतं, कोणी साडेनऊ, आणि उत्तरसूचीत दहा. यावर साधा उपाय आहे : पानाच्या तळाशी एक रेघ काढावी आणि लिहावं, 'छापल्यावर ही रेघ ५ सेंटिमीटर भरते का ते शिक्षकांनी पाहावं.' नकाशे करणारे हे केव्हापासून करत आले आहेत. वर्कशीटवर अशी रेघ मला अजून एकदाही भेटलेली नाही.

या सगळ्यावरचा इलाज मुलांच्या शिक्षणातून आला नाही, तो छपाईतून आला. डोनाल्ड क्नूथ हे संगणकशास्त्रातलं मोठं नाव. १९७७ साली त्यांच्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघत होती आणि तिची प्रुफं त्यांच्या हाती आली. पहिली आवृत्ती धातूच्या टाइपात जुळवलेली होती, नवी फोटोटाइपसेटिंगने. आणि पानांकडे त्यांना बघवेना. पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअरच लिहायला घेतलं. वर्षभरात आटपेल असं वाटलेलं काम जवळजवळ दहा वर्षं चाललं. ते सॉफ्टवेअर म्हणजे टेक. त्याच्या आवृत्त्यांचे क्रमांक ३.१, ३.१४, ३.१४१ असे वर्तुळाच्या π (पाय) या संख्येकडे सरकत जातात, आणि चूक दाखवून देणाऱ्याला क्नूथ २००८ पर्यंत स्वतःच्या सहीचा चेक पाठवत असत. टेक वापरणं सोपं व्हावं म्हणून लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात त्यावर लाटेक उभारलं आणि पुढे टिल टांटाऊ यांनी चित्रांसाठी टिक्झ केलं. टिक्झ या जर्मन नावाची फोड 'टिक्झ हा चित्र काढायचा प्रोग्रॅम नव्हे' अशी होते. थट्टा आहे, पण खरी आहे. तिथे माऊसने ओढून काही काढता येत नाही. काय हवं ते लिहून सांगावं लागतं.

घड्याळ असं सांगतात : तास ३, मिनिटं ३०. तासकाट्याचा कोन म्हणजे तास गुणिले ३०, अधिक मिनिटांच्या निम्मे. मिनिटकाट्याचा कोन म्हणजे मिनिटं गुणिले ६. एवढं एकदा लिहून ठेवलं की पुढे फक्त दोन आकडे बदलायचे. काटा कुठे जायचा तो आपला जातो, आणि चुकीचं घड्याळ काढायचं म्हटलं तर मुद्दाम वाकड्या वाटेने जावं लागतं. उत्तरसूचीही त्याच दोन आकड्यांतून छापली जाते, म्हणून चित्र एक आणि उत्तर दुसरं असा घोळ होत नाही. भाकरीचे तीन भाग १२० अंशांनीच पडतात. '३४' लिहिलं की दहाच्या काड्यांचे तीन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या पानावर येतात. ३४ चे ४३ केले तर चार गठ्ठे आणि तीन काड्या. चित्र संख्येतून निघतं. हातच्याच्या वजाबाकीचा सराव हवा असेल तर अट घालता येते की वरच्या संख्येचा एकक खालच्यापेक्षा लहानच पाहिजे, आणि संगणक त्या अटीत बसणारी वीस उदाहरणं निवडून देतो. चाळीस मुलांना चाळीस वेगळ्या पत्रिका हव्या असतील तर त्याही.

सचित्र म्हटलं की आपल्याकडे रंगीत, गोंडस, गर्दीचं असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. मीही त्यातून गेलो आहे. टिक्झमध्ये टोप्या घातलेली बदकं काढून देणारं एक अख्खं पॅकेज आहे, त्याच्या जोडीला अस्वलं आणि घुबडं आहेत. दोन महिने माझ्या प्रत्येक पानावर बदक होतं. मुलं खूश होती. मग जेनिफर कामिन्स्की आणि व्लादिमिर स्लौत्स्की यांचा २०१३ चा अभ्यास वाचनात आला. त्यांनी लहान मुलांना स्तंभालेख वाचायला शिकवला, काहींना साध्या रंगाच्या स्तंभांवर आणि काहींना वस्तूंची चित्रं एकावर एक रचलेल्या स्तंभांवर. चित्रांवर शिकलेली मुलं स्तंभाची उंची बाजूच्या मोजपट्टीवर बघायला शिकलीच नाहीत, ती चित्रं मोजत बसली. जोवर चित्रांची संख्या आणि मोजपट्टीचा आकडा एकच होता तोवर त्यांचं उत्तर बरोबर यायचं, त्यामुळे त्यांना येतंय असंच वाटायचं. शाळेतल्या त्या साडेतीनच्या घड्याळासारखीच ही गोष्ट.

तेव्हापासून माझा नियम असा की पानावरच्या चित्राने काहीतरी मोजलं पाहिजे, नाहीतर त्याने कोपऱ्यात जाऊन गुमान बसावं. कोपऱ्यातलं एक बदक मी अजून ठेवतो. तेवढा लोभ सुटत नाही. आणि रंग मात्र पूर्ण सोडले, कारण शाळेत शेवटी झेरॉक्सच वाटली जाते. पडद्यावरची लाल आणि हिरवी फुलं झेरॉक्समध्ये एकाच राखाडी रंगाची होतात आणि 'लाल फुले किती?' हा प्रश्न तत्त्वज्ञानात जातो.

आता मराठीचं. गणितातला मजकूर आणि चित्र एकत्र छापायची आपली जुनी सवय म्हणजे अंकलिपी. एका बाजूला उजळणी, दुसऱ्या बाजूला चित्रं, शेवटी पाढे. जुन्या घरांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकीही. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा अख्खा पाढा पाठ असलेल्या भाषेतल्या मुलांना साडेतीनचं घड्याळ चुकीचं मिळावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. पाव, सव्वा, दीड, अडीच, पाऊण हे शब्द सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी असतात आणि तरी अपूर्णांकांच्या वर्कशीटवर पिझ्झा असतो. पिझ्झ्याशी वैर नाही. पण चतकोर हा शब्द ज्या भाकरीसाठी वापरतात ती पानावर असती तर शब्द, वस्तू आणि एक चतुर्थांश एका ठिकाणी भेटले असते.

देवनागरीसाठी टेक वापरायची सोय नवीन नाही. नेदरलंड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात फ्रान्स व्हेल्थाउस यांनी १९९१ मध्येच देवनागरीचं पॅकेज केलं होतं. रोमन अक्षरांत लिहायचं आणि ते देवनागरीत उतरायचं. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचं झीटेक आलं आणि सरळ मराठी टंकून ती युनिकोड फॉन्टात, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, जुळवता येऊ लागली. फॉन्टही आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा खुला आहे, त्याच्याच आधाराने आयआयटी मुंबईत केलेला शोभिका आहे, मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आहे. इथे एक बारकी गोष्ट, पण पहिलीच्या मुलासाठी बारकी नव्हे. मराठीचा 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. शासनाच्या २००९ च्या निर्णयातही तेच वळण आहे. बाई फळ्यावर एक 'ल' काढतात आणि वर्कशीटवर हिंदी वळणाचा दुसराच येतो. ५, ८ आणि ९ यांचंही तसंच. जे मूल नुकतं आकडे ओळखायला लागलं आहे त्याच्यापुढे नऊचे दोन चेहरे ठेवून आपण 'नऊ कुठे आहेत ते शोधा' म्हणतो. जुळणीच्या फाइलमध्ये भाषा मराठी आहे असं एका ओळीत सांगितलं तर ज्या फॉन्टात मराठी वळणं भरलेली आहेत तो ती आपोआप घेतो.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की झालं तर, ज्याला हौस आहे त्याने करावं. इथेच माझं आणि त्यांचं जमत नाही. एका हौशी माणसाने शंभर चांगल्या वर्कशीट करून सोडल्याने काही बदलत नाही, मी तो हौशी माणूस आहे म्हणून सांगतो. प्रश्न त्या कोणत्या रूपात सोडल्या जातात हा आहे.

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत रोज पीडीएफ येतात. बऱ्याचशा तर मोबाइलने काढलेले फोटोच. पानाच्या मध्यभागी तिरकं 'निर्मिती : अमुक सर' आणि फोन नंबर, इतका ठळक की त्याखालचे आंबे मोजता येऊ नयेत. मेहनत असते त्यामागे, नाव हवंच. पण त्या पानात साडेतीनचा काटा चुकीचा असेल तर दुरुस्त कोण करणार? मिळालेल्या शिक्षकाला करता येत नाही, कारण त्याच्याकडे मूळ फाइल नाही. करणाऱ्याला दुरुस्त करायचा असला तरी चुकीची प्रत तोवर पाचशे गटांत पोचलेली असते. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात केलेली मूळ फाइल कोणाकडे असलीच तर ती दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी शिक्षकांनी केलेलं किती साहित्य असं वाया गेलं असेल, त्याची कुठे मोजदादही नाही.

आणि ही फक्त हौशी लोकांची गोष्ट नाही. सरकारी पैशातून होणारं साहित्यही आपल्यापर्यंत पीडीएफ म्हणूनच येतं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, हे चांगलंच आहे. १९६७ मध्ये मंडळ स्थापन झालं तेव्हा अशी कल्पनाही कोणी केली नसेल. पण पुस्तकाच्या सुरुवातीला सर्व हक्क मंडळाकडे राहतील असं छापलेलं असतं आणि आतल्या आकृतीची मूळ फाइल कुठेच नसते. नंदुरबारच्या शिक्षकाला सफरचंदाच्या जागी मोहाचं फूल हवं असेल, उर्दू माध्यमाच्या शिक्षिकेला तेच पान उजवीकडून डावीकडे हवं असेल, सेमी इंग्रजीच्या वर्गाला तीच उदाहरणं इंग्रजी आकड्यांत हवी असतील, तर प्रत्येकाने पहिल्यापासून सुरुवात करायची. शेतकऱ्याला हा हिशोब लगेच कळतो. पीक दिलं पण बी धरून ठेवता येणार नाही असं वाण दिलं, तर दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागते.

म्हणून मागणी साधी आहे : सार्वजनिक पैशातून केलेल्या प्रत्येक वर्कशीटबरोबर तिची मूळ फाइल द्या, ती बदलायची आणि पुन्हा वाटायची मुभा लेखी द्या, आणि ती फाइल अशा रूपात द्या की जी फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडते आणि साध्या मजकुरासारखी वाचता येते. यातलं अनोळखी काही नाही. एनसीईआरटीच्या खुल्या साहित्याच्या भांडाराने २०१३ मध्येच क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे साहित्य बदलायची आणि वाटायची मुभा देणारा, परवाना स्वीकारला होता. लाटेकची मूळ फाइल चार-पाच किलोबाइटची असते. ज्या गावात पीडीएफ उतरवायला टेकडीवर जावं लागतं तिथेही ती जाते.

२०१९ च्या जून महिन्याची आठवण इथे निघतेच. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक', 'त्रेसष्ट'बरोबर 'साठ तीन' असं आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी दिलेलं कारण विचार करण्यासारखं होतं : मराठी संख्यानामांतली जोडाक्षरं मुलांना जड जातात, आणि आपण बोलताना आधी एकक म्हणतो, लिहिताना आधी दशक. 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहिणारं मूल ज्याने पाहिलं आहे त्याला हे पटेल. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नव्हतं. बाजारात, घरात, आजीच्या तोंडी 'त्रेसष्ट'च आहे. पण वाद झाला कुठे? वाहिन्यांवर, विधानसभेत, विनोदांत. वर्गात झाला नाही. कारण वर्गाकडे तो करून बघायचं साधनच नव्हतं. तीच वर्कशीट दोन्ही नावांनी छापता आली असती, एका तुकडीला एक, दुसरीला दुसरी, तर महिन्याभरात शेकडो शिक्षकांकडे सांगण्यासारखं काहीतरी जमा झालं असतं. जुळणीच्या फाइलमध्ये हा फरक केवढा? शंभर नावांची एक यादी काढायची आणि दुसरी घालायची. (मराठीत ती यादी हातानेच लिहावी लागते, नियमाने होत नाही. एकोणऐंशी, एकोणनव्वद इथपर्यंत नियम धरून चालतो आणि ९९ ला एकदम नव्याण्णव होतो. संगणकाला हे समजावताना मला पहिल्यांदा त्या मुलांची दया आली.)

नंतर दोन वर्षं पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी वहीची पानं बांधून बघितली आणि मग तो निर्णय मागे घेतला. कोरी पानं असावीत की नसावीत यावर भरपूर बोलणं झालं. त्या पानावर काय छापावं हे वर्गातल्या शिक्षकाला ठरवता यावं का, हा प्रश्न आलाच नाही.

माझ्या मागणीवर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा, आणि तो खरा आहे. शिक्षकाला निवडणुका, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशोब. त्यात तुम्ही त्याला लाटेक शिकवणार? शिवाय लाटेक शिकणं सोपं नाही. आज्ञा रोमन लिपीत, मजकूर देवनागरीत, दर ओळीला कळफलक बदला. एक महिरपी कंस राहिला की पन्नास ओळींची इंग्रजी तक्रार येते आणि तिच्यात कंसाचं नाव नसतं. माझं पहिलं घड्याळ पानावर यायला दोन संध्याकाळी गेल्या आणि आलं तेव्हा उलटं फिरत होतं, कारण गणितात कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात.

पण प्रत्येक शिक्षकाने हे शिकावं असं मी म्हणतच नाही. खिळे जुळवणारा कंपोझिटर गावात एक असायचा, पत्रिका सगळ्या गावाच्या छापल्या जायच्या. एका केंद्रात दहा-पंधरा शाळा असतात. तिथे एकाला जमलं तरी पुरे. बाकीच्यांनी घड्याळाच्या फाइलमधले दोन आकडे बदलायचे, आणि ते मोबाइलवरच्या ब्राउझरमध्येही होतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लाटेकचे धडे आहेत, आणि तो प्रकल्प आपले धडे मराठीतही आणतो. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी हे काम अंगावर घेतलं तर वेगळी इमारत लागणार नाही. लाटेकच हवं असाही हट्ट नाही. टाइप्स्ट नावाचं नवं सॉफ्टवेअर आहे, त्याची भाषा सोपी आहे, खुलं आहे. हट्ट आहे तो मूळ फाइल वाचता येण्याचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा : लहान मुलांना कागद देताच कशाला? चिंचोके द्या, काड्या द्या, मण्यांची माळ द्या. मान्य, शंभर टक्के मान्य. ज्या मुलाने दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा बांधला नाही त्याला गठ्ठ्याचं चित्र म्हणजे नुसता एक आकार. वर्कशीट त्यानंतर येते. पण येते, आणि आपल्या शाळांत ती भरपूर येते. म्हणून तर चित्र हातातल्या काड्यांशी इमान राखणारं हवं.

आणि आता तिसरा, जो गेल्या दोन-तीन वर्षांत ऐकू येतो : हे सगळं कशाला, एआयला सांगा, तो रंगीत चित्र काढून देतो. देतो. 'सात आंबे काढ' म्हटलं की कधीकधी आठ देतो, आणि फार सुंदर देतो. घड्याळाचं तर विचारूच नका. सौंदर्यामुळे चूक आणखी लपते. पण त्याच एआयला चित्राऐवजी टिक्झच्या ओळी लिहायला सांगितल्या तर त्या ओळी माझ्यासमोर असतात. सात आंब्यांच्या जागी आठ लिहिले असतील तर ते वाचून कळतं आणि आठ खोडून सात करता येतात. यंत्राने लिहिलं की माणसाने, याने मला फरक पडत नाही. तपासता येतं का, याने पडतो.

घड्याळाची दुरुस्त वर्कशीट मी मूळ फाइलसकट काही शिक्षकांना पाठवली. बहुतेकांनी पीडीएफ छापली आणि आभार मानले. दुसऱ्या तालुक्यातल्या एका बाईंनी मात्र फाइल उघडून आकडे बदलले आणि गावात थांबणाऱ्या एसटींच्या वेळा घातल्या. आठवड्याने त्यांचा फोन आला. म्हणाल्या, ''सर, सकाळची गाडी सात चाळीसची. तुमचा काटा बरोबर जागी जातोय हो, पण तो आठच्या इतका जवळ दिसतोय की अर्धा वर्ग आठ चाळीस लिहितोय. जुन्या वर्कशीटमध्ये असं होत नव्हतं.'' जुन्या वर्कशीटमध्ये होत नव्हतं, कारण तिथे काटा सातवरच असायचा. आता मुलं खरी अडचण घेऊन अडली होती. बराच वेळ बोलून आम्ही असं ठरवलं की सात आणि आठच्या मधल्या पाकळीला फिकट रेघांची छटा द्यायची, म्हणजे काटा अजून कोणाच्या घरात आहे ते दिसेल. मी दोन ओळी वाढवून फाइल परत पाठवली. दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंकडून ती पुन्हा आली. छटेच्या दोन ओळी त्यांनी काढून टाकल्या होत्या. ''आता लागत नाही,'' एवढंच सोबत लिहिलं होतं, आणि दुपारच्या गाडीची वेळ बदलली होती.